शब्दांची पाटिलकी

वरणगावच्या बसस्थानकावर उभे राहून कोणी मोकळ्या आवाजात "ओ पाटील!" अशी हाक मारली, तर काय होईल? आपण खानदेशातले असाल तर उत्तर आपल्याला ठाऊकच आहे. निदान चार-पाच माणसे मागे वळून पाहतील. वरणगाव, भुसावळ, यावल, रावेर या भागात हे आडनाव इतके आहे की नुसत्या आडनावाने माणूस सापडत नाही. पुढे दोन आद्याक्षरे लावावी लागतात, नाहीतर आबा, आप्पा, नाना, भाऊ यांतले काहीतरी जोडावे लागते.

गंमत अशी की, मागे वळून पाहणाऱ्या या मंडळींपैकी कोणाच्याही घरात आज वंशपरंपरेची पाटिलकी नाही. महाराष्ट्र सरकारने 1962 साली कायदा केला आणि 1 जानेवारी 1963 पासून मुलकी पाटलाचे पदच रद्द झाले. सारा वसूल करण्याचा अधिकार गेला, वतन गेले. शब्द मात्र राहिला. नुसता राहिला असे नव्हे, तर आडनाव होऊन दिल्लीच्या राष्ट्रपतिभवनापर्यंत जाऊन आला. 2007 ते 2012 या काळात राष्ट्रपतिपद भूषविणाऱ्या प्रतिभाताई पाटील आपल्याच जिल्ह्यातल्या, बोदवडजवळच्या नाडगावच्या.

तेव्हा प्रश्न असा पडतो की, मोठेपणा सांगणारे हे शब्द मुळात येतात तरी कुठून? माणसे समजतात की ते रक्तातून येतात, कुळातून येतात. पण शब्दाचा सातबारा काढून पाहिला, तर निराळाच मालक निघतो. हा उतारा आज आपण मिळून पाहू. त्यासाठी थोडा लांबचा प्रवास करावा लागेल. जर्मनी, इंग्लंड आणि नॉर्वे या मुलखांत जाऊन पुन्हा तापीकाठी यावे लागेल. लांब जायचे कारण एवढेच, की तिकडच्या एका शब्दाचे नशीब आपल्या पाटलासारखेच निघाले.

जर्मन भाषेत सरदारवर्गाला 'आडेल' म्हणतात. डच, डॅनिश, स्वीडिश या तिच्या बहिणी; त्यांच्याकडेही थोड्याफार उच्चारभेदाने हाच शब्द आहे. उदात्त, उमदा या अर्थाचे जर्मन विशेषण 'एडेल'. आल्प्सच्या कड्यांवर फुलणाऱ्या पांढऱ्या फुलाला 'एडेलवाइस' म्हणतात, म्हणजे 'उमदे शुभ्र'. इंग्लंडमध्ये हजार वर्षांपूर्वी राजकुळातल्या मुलाला 'ॲथेलिंग' म्हणत, म्हणजे कुळवंताचा वंशज. तिथे ॲथेलरेड नावाचा एक राजा होऊन गेला. त्याचा मृत्यू 1016 साली झाला. त्याच्या नावाचा अर्थ 'उदात्त मसलत'. पण पुढे त्याच्या नावामागे 'अनरेड', म्हणजे 'मसलतशून्य', ही पदवी कायमची चिकटली. नाव मोठे आणि लक्षण खोटे, हा प्रकार सगळ्या देशांत सारखाच!

हा शब्द आपल्याही कानांवर रोज पडतो, फक्त आपण तो ओळखत नाही. आल्बर्ट या नावात तो आहे: मूळ रूप आडलबर्ट, म्हणजे 'कुळाने तेजस्वी'. ॲलिस हे नाव आडेलहाइड या जर्मन नावावरून फ्रेंचमार्गे झिजत आले. आणि क्रिकेटचे वेड असलेल्या आपल्या मुलांना ॲडलेडचे मैदान तर तोंडपाठ असते. ते शहर 1836 साली वसले आणि त्याला इंग्लंडच्या राणीचे नाव दिले गेले. ती राणी जर्मन होती आणि तिचे नाव हे त्याच आडेलहाइडचे रूप होते.

आता या शब्दाचे मूळ पाहू. या सगळ्या भाषांची जी एक जुनी आई, तिच्यात या शब्दाचे रूप साधारण 'अथल' असे असावे, असे भाषापंडित सांगतात. त्याचा जुना अर्थ सरदारी असा नाही. त्याचा अर्थ कुळ, वंश, आपली माणसे. काही पंडित तर त्याचे नाते लहान मुलाच्या तोंडच्या 'अत्ता' या शब्दाशी जोडतात; गॉथिक भाषेत बापाला 'अत्ता' म्हणत. तसे असेल, तर युरोपातल्या सगळ्या सरदारकीच्या मुळाशी एक बोबडी हाक आहे म्हणायची.

याच 'अथल'ची एक सख्खी बहीण आहे, तिचे नाव 'ओथल'. आपल्याकडे जनकाची ती जानकी, कुरूंचे ते कौरव. पहिला स्वर वाढला की 'त्याचे, त्याच्याकडून आलेले' असा अर्थ होतो. संस्कृत व्याकरणात याला वृद्धी म्हणतात. तसाच प्रकार इथे झाला. 'अथल' म्हणजे कुळ, तर 'ओथल' म्हणजे कुळाकडून आलेली वस्तू. आणि शेतकऱ्याच्या घरी कुळाकडून येणारी वस्तू कोणती? जमीन! जुन्या नॉर्स भाषेत वाडवडिलार्जित जमिनीला याच शब्दाच्या एका रूपाने ओळखत. नॉर्वेत तिला आज 'ओडेल' म्हणतात. असे शेत विकले जाऊ लागले, तर घराण्यातल्या वारसाला ते आधी मागून घेण्याचा हक्क आहे. 1814 साली नॉर्वेची राज्यघटना झाली, तिच्यात हा हक्क रद्द करता येणार नाही असे कलम घातले गेले, आणि तो आजही तिथल्या कायद्यात आहे.

म्हणजे पाहा, एका बहिणीच्या पदरी माणसे पडली आणि दुसरीच्या पदरी माती. पुढे पहिली वाड्यात गेली आणि सरदारीण झाली. दुसरी नांगराच्या मागेच राहिली. स्वीडिश भाषेत अशा जमिनीच्या स्वतंत्र मालकाला जो शब्द आहे, त्याचा सरळ अर्थ 'ओडलवाला शेतकरी'. त्याच्यावर कोणी जमीनदार नव्हता, कारण जमीन त्याला राजाने दिली नव्हती; बापाने दिली होती.

आता आपल्या 'वतन' शब्दाकडे वळू. हा शब्द अरबी. त्याचा अर्थ माणूस जिथे जन्मला, राहिला, ते ठिकाण, मायभूमी. हिंदी-उर्दूत तो याच अर्थाने चालतो. मराठीत मात्र तो आला आणि शेतात उतरला. आपल्याकडे वतन म्हणजे वंशपरंपरेने चालणारा हक्क: जमीन, काम आणि मान, तिन्ही एकत्र. उत्तरेतला माणूस वतनासाठी प्राण देतो असे गाणे म्हणतो. आपल्याकडची माणसे वतनासाठी चार-चार पिढ्या कज्जे लढली. घर, माती आणि वारसा यांची गाठ जशी 'ओडेल'मध्ये पडली, तशीच 'वतना'त पडली. दोन्ही भाषांचा एकमेकींशी या बाबतीत काडीचा संबंध नाही. पण शेतकरी इथून तिथून सारखा, म्हणून त्याचा शब्दही सारखा वळला.

आता मूळ मुद्द्यावर, म्हणजे पाटलावर येऊ. आपल्या सातपुड्यापलीकडे माळवा. तिथे परमार राजे होते: मुंज, भोज ही नावे आपण ऐकलेली आहेत. दहाव्या-अकराव्या शतकांत त्यांनी दिलेल्या दानांचे ताम्रपट सापडले आहेत. गाव दान देताना राजा ज्यांना ज्यांना ही गोष्ट कळवतो, त्यांची यादी त्यात असते. त्या यादीत 'पट्टकिल' असा एक शब्द येतो. हाच आपला पाटील. गुजरातेत तो पटेल झाला, माळव्यातही पटेल राहिला. मराठीत आणि कानडी मुलखात पाटील झाला. आपला खानदेश या सगळ्या वाटांच्या चौकात बसलेला. तापीकाठच्या लेवा पाटलांची परंपरा तर आपले मूळ गुजरातेतच सांगते.

या 'पट्टकिला'त 'पट्ट' आहे. पट्ट म्हणजे चपटी लांबट पट्टी, मग ती कापडाची असो, लाकडाची असो की तांब्याची. तांब्याच्या पट्टीवर दानपत्र कोरले की ताम्रपट. डोक्याला मानाची पट्टी बांधली की पट्टराणी. शाळेतली पाटी, जमिनीचा पट्टा, सरकारची पट्टी ही सगळी एकाच घरची मुले. तेव्हा जमिनीची नोंद ज्याच्या हाती, पट्टा ज्याच्या स्वाधीन, तो पट्टकिल, अशी उपपत्ती विद्वान देतात. आपल्याला वाटत होते की पाटील शब्दातून तलवारीचा खणखणाट ऐकू येईल. पण आत डोकावून पाहिले, तर तिथे गावाचा कागद हाती धरून एक माणूस बसलेला दिसतो.

आणि तो माणूस नुसता मानाचा धनी नव्हता. गावाचा सारा गोळा करून सरकारात भरणे त्याच्याकडे. सारा थकला तर सरकारचा माणूस पहिल्यांदा त्याचेच मानगूट धरणार. तंटे मिटवणे, पडीक जमीन लागवडीला आणणे, चोराचा माग काढणे ही कामेही त्याचीच. पोळ्याला त्याचा बैल पुढे असे आणि होळीला पहिली पूजा त्याची. पण या मानाच्या मागे कामाचा भारा होता. शिवाय हे पद एका जातीचे नव्हते. मराठा, लेवा, गुजर, कोळी, आगरी, जैन, लिंगायत अशा कितीतरी समाजांत पाटील आहेत, याचे कारण हेच. ज्या गावाचा कारभार ज्या घराकडे, ते घर पाटलाचे.

या कामाचा मान केवढा होता, ते महादजी शिंद्यांकडे पाहून कळते. 1784 साली दिल्लीच्या बादशहाने पेशव्यांना वकील-ए-मुतलक हे पद दिले आणि महादजी त्यांचे नायब झाले. उत्तर हिंदुस्थानचा कारभार ज्याच्या हाती, त्याला पदव्यांचा काय तोटा? पण हे गृहस्थ स्वतःला साताऱ्याकडच्या कण्हेरखेडचे पाटीलच म्हणवीत आणि लोकही त्यांना 'पाटीलबावा' म्हणत. फारसी पदवी बादशहा देतो आणि काढूनही घेतो. गावची पाटिलकी मात्र आपली, हे त्या मुत्सद्द्याला पक्के ठाऊक होते.

पण ती काढून घेणारा एक जण होऊन गेला होता, त्याच्या आधी. 1646 सालचे शिवाजीमहाराजांचे एक पत्र प्रसिद्ध आहे. रांझे गावच्या बाबाजी भिकाजी गुजर या पाटलाने एका स्त्रीशी बदअंमल केला. चौकशी झाली, गुन्हा शाबीत झाला. महाराजांनी त्याचे हातपाय तोडवले आणि पाटिलकी काढून घेतली. आता पुढचा भाग नीट पाहा. ती पाटिलकी गेली ती त्याच्याच गोतातल्या सोनजी गुजराकडे. म्हणजे एकाच कागदात दोन न्याय आहेत. पहिला न्याय असा की, मान वागणुकीवर आहे. वागणूक गेली की मान गेला. दुसरा न्याय असा की, मान कुळाचा आहे. एक गेला तर त्याच कुळातला दुसरा यावा. आपल्या समाजाची सारी ओढाताण या दोन न्यायांच्या मधली आहे.

मोठेपणाच्या इतर शब्दांची झडती घेतली, तरी हेच दिसते. इंग्रजीतला 'नोबल' हा लॅटिनमधून आलेला. त्याचा मूळ अर्थ 'जाणला गेलेला', नावाजलेला. आपल्या 'ज्ञा' धातूचाच तो दूरचा भाऊ. 'लॉर्ड' हा शब्द तर जुन्या इंग्रजीतल्या दोन शब्दांची मोडकी जोडी आहे: भाकरीचा राखणदार. आणि 'लेडी' म्हणजे पीठ मळणारी! आपल्या भाषेत म्हणायचे तर घरधनी आणि घरधनीण. आपला 'थोर' शब्द 'स्थूर'वरून आला. त्याचा अर्थ जाडजूड, एवढाच. 'राऊत' हा राजपुत्राचा अपभ्रंश. पुढे तो घोडेस्वार झाला आणि शेवटी आडनाव. 'आर्य' हा तर केवढा डौलदार शब्द! त्याच्या नावावर जगात केवढे रामायण झाले. पण मराठीने त्याचे काय केले? आर्यकाचा आजा केला आणि आर्यिकेची आजी. हजारो वर्षांचा तो मोठेपणा आज नातवाला गोष्ट सांगत ओसरीवर बसलेला आहे. मला विचाराल तर त्या शब्दाला याहून चांगली जागा मिळाली नसती.

परंतु सगळ्याच शब्दांचे असे भले होत नाही. कुळ आणि माती यांची गाठ आवळत नेली की तिचा फास होतो. जर्मनीत 1930 साली वाल्टर दारे नावाच्या माणसाने 'रक्त आणि माती' यांतून नवा सरदारवर्ग घडवावा, असे पुस्तक लिहिले. 1933 साली हिटलरचे राज्य आले आणि हे गृहस्थ शेतीमंत्री झाले. त्याच वर्षी वारसाहक्काच्या शेतांचा कायदा झाला. असे शेत ज्याच्या नावावर, त्याला 1800 सालापर्यंत मागे जाऊन आपल्या पूर्वजांत ज्यू रक्त नाही हे दाखवावे लागे. 'ओडल' ही जुनी खूण त्यांनी आपल्या बिल्ल्यांवर घेतली. बापाने मुलाला दिलेल्या शेताचा तो साधा शब्द; तो माणसांना माणसांतून काढण्यासाठी वापरला गेला. पुढे काय झाले ते जगाला ठाऊक आहे.

आपण दुसऱ्याकडे बोट दाखवून थांबू नये. 'वतन' हा शब्द पाटलाच्या वाड्यात मान होता, पण गावकुसाबाहेर तोच शब्द साखळी होता. महारवतन हेही वतनच. तिथे जमिनीचा तुकडा नावाला आणि राबणूक रात्रंदिवस. सरकारी कामगाराने केव्हाही हाक मारावी आणि वतनदाराने हातची भाकर टाकून धावावे. डॉक्टर आंबेडकरांनी 1928 साली मुंबईच्या कायदेमंडळात 1874 च्या वतन कायद्यात दुरुस्ती सुचवणारे विधेयक मांडले, ते याच साखळीवर घाव घालण्यासाठी. ते तेव्हा पार पडले नाही. गावच्या कनिष्ठ वतनांचा निकाल लागायला 1958 चा कायदा यावा लागला. एकच शब्द एका दारी तोरण आणि दुसऱ्या दारी बेडी, हे जोवर चालू होते तोवर त्या शब्दाच्या मोठेपणाचा अभिमान कोणी निवांतपणे बाळगावा, अशी परिस्थिती नव्हती.

म्हणून जगभर हे हिशेब मिटवावे लागले. नॉर्वेने सरदारकी 1821 च्या कायद्याने बंद केली; शेतकऱ्याचा ओडेल मात्र ठेवला. ऑस्ट्रियाने 1919 साली नावापुढची सरदारी बिरुदेही काढून टाकली. जर्मनीने त्याच वर्षी निराळा तोडगा काढला: सरदारकीचे हक्क गेले, नवी पदवी मिळणार नाही, पण जुनी पदवी आडनावाचा भाग म्हणून ठेवायला हरकत नाही. आपल्याकडेही तसेच घडले. 1950 च्या कायद्याने परगण्याची आणि कुलकर्ण्यांची वतने गेली, मग 1958 आणि 1962. आपल्या घटनेच्या अठराव्या कलमाने तर सरकारला किताब देण्याचीच मनाई केली. त्यातून सैन्यातले हुद्दे आणि विद्येच्या पदव्या तेवढ्या वगळल्या. देशमुखाचा देश गेला, पाटलाचा पट्ट गेला. आडनावे तेवढी घरोघर राहिली.

आणि आता या कथेचा अगदी अलीकडचा अध्याय. 3 ऑक्टोबर 2024 रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. आपल्याला आनंद झाला, आणि व्हायलाच हवा होता. पण 'अभिजात' म्हणजे काय? चांगल्या कुळात जन्मलेला. म्हणजे जर्मनांचा 'आडेल'च की हा! तेव्हा भाषेच्या बाबतीतही रांझ्याच्या पत्रातले दोन न्याय लागू आहेत. जन्म जुना आहे, हे शिलालेखांनी आणि ग्रंथांनी शाबीत केले. राहिली वागणूक. आपण तिच्यात काय लिहितो, मुलांशी काय बोलतो, तिच्या लेवा गणबोलीला आणि अहिराणीला हसतो की जपतो, यावर तिची पाटिलकी टिकायची आहे.

जाता जाता एक गोष्ट सांगायची राहिली. मुलकी पाटील गेला, तरी गावात पोलीस पाटील आहे. 1967 च्या कायद्याने ते पद वंशपरंपरेतून सुटले. आता जागा निघते, अर्ज येतात, लेखी परीक्षा होते, मुलाखत होते आणि मग नेमणूक. आडनाव पाटील असलेच पाहिजे असे नाही. कितीतरी गावांत आज बायका पोलीस पाटील आहेत. गावात काही बरेवाईट घडले की पोलीस ठाण्याला पहिला निरोप त्यांचा जातो. रात्री-अपरात्री उठून त्यांनाच जावे लागते. हजार वर्षांपूर्वी माळव्याच्या ताम्रपटात ज्या कामासाठी हा शब्द वापरला गेला, त्याच्या बऱ्याच जवळ तो फिरून आला आहे. ज्यांच्याकडे नुसते आडनाव आहे, त्यांनी ते आनंदाने लावावे. पण गावाने पाटील म्हणून हाक मारली, तर ती कामाची हाक आहे एवढे ओळखावे.